इंग्रजी लेखनात अधिकृत नाव कसे लिहावे

सोलापुरातील संशोधक विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि काही निर्यातदार यांच्या इंग्रजी मजकुराचे संपादन करणे हा माझा व्यवसाय आहे. व्याकरण आणि वाक्यरचना दुरुस्त करण्यात जितका वेळ जातो, जवळजवळ तितकाच वेळ नावे तपासण्यात जातो, आणि बाहेरच्या माणसाला हे काम किरकोळ वाटत असले तरी मला ते तसे वाटत नाही. एखाद्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उस्मानाबाद असते, तिसऱ्यात धाराशिव आणि परिशिष्टातील तक्त्यात पुन्हा उस्मानाबाद. एकाच विद्यापीठाचे नाव मुखपृष्ठावर एका रूपात आणि प्रमाणपत्राच्या पानावर दुसऱ्या रूपात असते. मराठीत वाचणारा माणूस संदर्भाने समजून घेतो. इंग्रजीत तो मजकूर जेव्हा पुण्याबाहेर, देशाबाहेर जातो, तेव्हा वाचणाऱ्याला ही दोन गावे आहेत की एक, ही दोन विद्यापीठे आहेत की एक, हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

म्हणून नाव लिहिण्यापूर्वी मी दोन गोष्टी विचारते. हे नाव ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि आपले वाक्य कोणत्या काळाबद्दल बोलते आहे? या दोन्हींची उत्तरे मिळाली की अधिकृत कागदावर जे रूप आहे ते अक्षर न् अक्षर तसेच उतरवायचे, स्वतःच्या कानाला किंवा डोळ्याला ते कितीही खटकले तरी. बाकीचे जे सांगणार आहे ते याच दोन प्रश्नांच्या आधारे सांगणार आहे.

विद्यापीठांपासून सुरुवात करते, कारण सोलापुरात सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. आपल्या शहरात स्वतंत्र विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे नाव सोलापूर विद्यापीठ असे होते. 2019 मध्ये त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले. 2004 पूर्वी मात्र इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, ते विद्यापीठ 1962 चे. त्याआधी पुण्याचे विद्यापीठ होते, जे 1949 मध्ये स्थापन झाले आणि ज्याच्या इंग्रजी नावात तेव्हा पुणे नव्हे तर पूना असे लिहिले जाई. आणि त्याच्याही आधी मुंबईचे, म्हणजे इंग्रजीत युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे. सोलापुरातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयातून आजोबा, वडील आणि नात अशा तीन पिढ्या पदवीधर झाल्या असतील, तर तिघांच्या पदवीपत्रांवर तीन वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे असणे अगदी शक्य आहे.

आता 1998 मध्ये पदवी घेतलेली व्यक्ती आपला परिचय इंग्रजीत लिहिताना पदवीसमोर सोलापूर युनिव्हर्सिटी लिहिते, कारण महाविद्यालय सोलापुरातले होते आणि आज ते याच विद्यापीठाकडे आहे. हे चुकीचे आहे आणि नोकरीच्या कागदपत्रांच्या पडताळणीत ते अडचणीचे ठरते, कारण त्या वर्षी हे विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. पदवीपत्रावर छापलेले नाव तेच तिथे यावे. त्याच्यापुढे कंसात 'आता अमुक' असे लिहायचे की नाही, हे ठरवताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. 2012 मध्ये सोलापूर विद्यापीठाची पदवी घेतलेल्या व्यक्तीने कंसात आजचे पूर्ण नाव देणे योग्य आहे, कारण संस्था तीच आहे, नाव बदलले आहे. 1998 च्या व्यक्तीने तसे करणे योग्य नाही, कारण शिवाजी विद्यापीठाचे नाव बदललेले नाही. ते आजही कोल्हापुरात आहे आणि त्याच नावाने आहे. नाव बदलणे आणि संस्था बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि इंग्रजीतला 'नाऊ' हा छोटासा शब्द पहिल्या घटनेसाठीच वापरता येतो.

याच विद्यापीठाच्या आजच्या नावाचे इंग्रजीतले रूपही मी वारंवार दुरुस्त करते. कोणी 'पी. ए. एच.' अशी आद्याक्षरे देते, कोणी सोलापूर हा शब्दच गाळते, कोणी अहिल्यादेवीचे अहिल्याबाई करते. शोधनिबंधात लेखकाच्या नावाखाली संस्थेचे नाव दिलेले असते आणि जगभरच्या निबंधसूची त्याच नावावरून निबंध कोणत्या संस्थेच्या खात्यात धरायचा हे ठरवतात. एकाच विभागातल्या चार प्राध्यापकांनी चार रूपे वापरली, तर त्या विभागाचे काम चार ठिकाणी विखुरते. पूर्ण नाव लांब आहे हे खरे. पण पहिल्या उल्लेखात ते पूर्णच द्यावे, आणि पुढे 'द युनिव्हर्सिटी' एवढे म्हटले तरी चालते.

अहिल्यादेवींच्या नावाचेच उदाहरण पुढे नेते. इंदूरच्या विमानतळाच्या नावात देवी अहिल्याबाई होळकर असे आहे, तिथल्याच विद्यापीठाचे नाव देवी अहिल्या विश्वविद्यालय असे आहे, आपल्या विद्यापीठात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर आहे आणि शेजारच्या जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर आहे. व्यक्ती एकच, तरी अधिकृत नावे चार, आणि इंदूरच्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही विश्वविद्यालय हा शब्द तसाच राहिला आहे, त्याचे युनिव्हर्सिटी झालेले नाही. चांगल्या संपादकालाही इथे एकरूपता आणण्याचा मोह होतो. हा मोह आवरायला हवा. लेखात स्वतः त्या राज्यकर्तीविषयी लिहिताना एक रूप निवडून ते शेवटपर्यंत पाळावे; संस्थांच्या नावांत मात्र प्रत्येक संस्थेने जे रूप घेतले आहे तेच राहू द्यावे.

आपल्या शहराच्या नावाविषयी आता. ब्रिटिश काळात आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे इंग्रजीत 'एस'नंतर 'एच' येत असे, म्हणजे शोलापूर. आज ते 'एच' नाही. आजच्या शहराविषयी लिहिताना सोलापूर असेच स्पेलिंग हवे, यात वाद नाही. परंतु जुन्या कागदांचे काय? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा आपल्या जिल्ह्यावरचा खंड 1884 चा आहे आणि त्याच्या शीर्षकात 'एच' आहे. 1950 साली इथली मोठी गिरणी सरकारने आपल्या व्यवस्थापनाखाली घेतली, त्यासाठी केलेला कायदा शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी या नावाने आहे, आणि त्या कायद्याला आव्हान देणारा चिरंजितलाल चौधुरी विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मूलभूत अधिकारांवरच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या निकालांपैकी हा एक, आणि त्याच्या मुळाशी आपल्या शहरातली गिरणी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या कायद्याच्या आणि कंपनीच्या नावातला 'एच' आपण काढून टाकला तर आपण जुने नाव दुरुस्त करत नाही, नवे नाव तयार करतो. त्या नावाचा कायदा कधी झालेलाच नाही आणि शोधणाऱ्याला तो सापडणारही नाही.

बार्शीची गोष्ट याहून रंजक आहे. गावाचे आजचे इंग्रजी स्पेलिंग 'एस-एच' घेऊन आहे, तर 1897 मध्ये सुरू झालेल्या अरुंद मापाच्या रेल्वेच्या कंपनीचे नाव बार्सी लाइट रेल्वे असे, नुसत्या 'एस'ने लिहिलेले होते. म्हणजे सोलापूरच्या नावातून काळाच्या ओघात 'एच' गेला आणि बार्शीच्या नावात तो आला. रेल्वेच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने एकाच परिच्छेदात गावासाठी एक आणि कंपनीसाठी दुसरे स्पेलिंग वापरले तर ती विसंगती नव्हे. ते अचूक लेखन आहे. वाचक गोंधळेल असे वाटले तर पहिल्या उल्लेखाच्या ठिकाणी एका वाक्यात खुलासा करावा.

आणखी एक प्रकार असा की एकाच वेळी दोन सरकारी रूपे चालू असतात. 2011 च्या जनगणनेत तालुक्यांची नावे सांगोले आणि मंगळवेढे अशी एकारान्त आहेत, तर भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीत ज्वारीचे नाव मंगळवेढा असे आकारान्त आहे. इथे कोणते बरोबर, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. जनगणनेचा तक्ता उद्धृत करताना जनगणनेचे रूप, मानांकित ज्वारीविषयी लिहिताना नोंदणीचे रूप, आणि स्वतःच्या निवेदनात यांपैकी एक ठरवून तेच सर्वत्र, अशी व्यवस्था मी ठेवते.

गावाचे किंवा शहराचे नाव बदलण्याची पद्धत ठाऊक असेल तर पुष्कळ शंका आपोआप मिटतात. राज्य सरकारचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मंत्रालय 1953 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याचा विचार करते आणि रेल्वे, टपाल विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेते. संमती मिळाली की राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढते. राज्याचेच नाव बदलायचे असेल तर संसदेचा कायदा लागतो, जसा ओरिसाचे ओडिशा होताना 2011 मध्ये लागला. तेव्हा घोषणा झाली, मंत्रिमंडळाने ठराव केला, वर्तमानपत्रात मथळा आला, यांपैकी कोणत्याही दिवशी नाव बदललेले नसते. अधिसूचनेचा दिवस महत्त्वाचा, आणि संशोधनात त्या दिवसाला धरूनच लिहावे.

अधिसूचनेत ज्याचे नाव बदलले आहे त्याचेच नाव बदलते, त्याच्याशी संबंधित सगळ्यांचे नव्हे. उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले. शहराचे नाव बदलल्यावरही रेल्वे स्थानक काही काळ जुन्याच नावाने चालू होते, कारण स्थानकाच्या नावासाठी वेगळी प्रक्रिया असते. लोकसभा मतदारसंघाचे नाव तर 2008 च्या परिसीमन आदेशात नोंदलेले आहे, त्यामुळे 2024 च्या निवडणुकीतही तो मतदारसंघ अधिकृतपणे उस्मानाबादच होता. आपल्या जिल्ह्यातला बार्शी विधानसभा मतदारसंघ याच लोकसभा मतदारसंघात येतो. म्हणजे त्या निवडणुकीविषयी इंग्रजीत अचूक लिहायचे तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या मतदाराने उस्मानाबाद मतदारसंघात मत दिले, त्या मतदारसंघाचा बराचसा भाग धाराशिव जिल्ह्यात आहे, असे दोन्ही नावे एकाच वाक्यात घेऊन लिहावे लागते. राज्यशास्त्राच्या एका प्रबंधात सगळीकडे 'शोधा आणि बदला' ही सोय वापरून उस्मानाबादचे धाराशिव केलेले मी पाहिले आहे. त्यात मतदारसंघ बदलला, निजामाच्या काळातला जिल्हा बदलला आणि संदर्भसूचीतल्या लेखांची शीर्षकेही बदलली गेली.

जिल्ह्याच्या बाबतीत तर ही यांत्रिक अदलाबदल आकड्यांनाही बाधते. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून 1982 मध्ये वेगळा झाला. त्यामुळे 1971 च्या जनगणनेतला उस्मानाबाद जिल्हा आणि आजचा धाराशिव जिल्हा यांचे क्षेत्र एक नाही. जुन्या आकड्यांच्या तक्त्यावर आजचे नाव लिहिले की वाचक दोन वेगळ्या भूभागांची तुलना करू लागतो आणि लोकसंख्या एकदम घटल्यासारखी दिसते. तक्त्यात त्या त्या वर्षीचे नाव ठेवून खाली टीप द्यावी, हाच इथे प्रामाणिक मार्ग आहे.

न्यायालयाचे उदाहरणही याच जातीचे आहे. मुंबईचे नाव इंग्रजीत 1995 मध्ये अधिकृतपणे बदलले, पण उच्च न्यायालयाचे नाव अजून बॉम्बे हायकोर्ट हेच आहे. उच्च न्यायालयांची नावे बदलण्याचे विधेयक 2016 मध्ये लोकसभेत आले होते, ते मंजूर झाले नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) सुरू झाले आहे आणि सोलापूरची प्रकरणे आता तिथे जातात. इंग्रजी अर्जात काही जण कोल्हापूर हायकोर्ट लिहू लागले आहेत. बोलण्यात ते ठीक आहे. लेखनात ते बॉम्बे हायकोर्टचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ आहे. अलाहाबादचे प्रयागराज 2018 मध्ये झाले तरी तिथले उच्च न्यायालय अलाहाबादच्याच नावाने आहे, आणि पवईची तंत्रज्ञान संस्था आयआयटी बॉम्बे आहे.

आपल्या दक्षिणेला कर्नाटक आहे, आणि तिथे 1 नोव्हेंबर 2014 रोजी एकाच दिवशी बारा शहरांची इंग्रजी नावे कन्नड उच्चाराला धरून बदलली. बंगळुरू, म्हैसूर, हुबळी, बेळगाव ही त्यांत होती. आपल्याला रोजच्या व्यवहारात लागणारी दोन म्हणजे विजयपुरा आणि कलबुर्गी. या दोन्ही शहरांशी सोलापूरचे इतके येणेजाणे आहे, आणि इतकी कन्नडभाषक घरे इथे आहेत, की नव्या नावांविषयी इथल्या लेखकांना अधिक आस्था असायला हवी. आजच्या शहराला इंग्रजीत विजयपुरा म्हणावे. आदिलशाहीची राजधानी म्हणून उल्लेख करताना मात्र इतिहासलेखनात रूढ असलेले बिजापूरच ठेवावे, कारण ती सत्ता इंग्रजी ग्रंथांत त्याच नावाने ओळखली जाते. कलबुर्गीत असलेल्या विद्यापीठाचे नाव गुलबर्गा युनिव्हर्सिटी आहे, ते तसेच राहील. सोलापुरातला विजापूर रोड हाही विजापूर रोडच राहील. रस्त्याचे नाव हे शहराच्या नावापासून निघालेले असले तरी ते स्वतंत्र नाव आहे आणि पत्त्यात ते आपल्या मनाने बदलले तर टपाल चुकण्याचीच शक्यता अधिक. मराठीत लिहिताना आपण विजापूर म्हणतो, त्यात काही गैर नाही. प्रत्येक भाषेला दूरच्या आणि शेजारच्या गावांना आपले नाव देण्याचा अधिकार असतो. इथे प्रश्न फक्त इंग्रजी लेखनाचा आहे.

माणसांच्या नावांबाबत अधिकार पूर्णपणे त्या त्या माणसाचा असतो, आणि हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन आपले आडनाव इंग्रजीत एकाच 'एस'ने लिहीत. सुशीलकुमार शिंदे यांचे पहिले नाव एक सलग शब्द आहे, दोन नाहीत. हे बारकावे संपादकाने पाळायचे असतात, सुधारायचे नसतात. ज्यांनी स्वतः इंग्रजीत नाव लिहिल्याचे आपल्याला ठाऊक नाही अशा ऐतिहासिक व्यक्तींचे काय, हा कठीण प्रश्न आहे. 1930 च्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, यांची नावे इंग्रजी पुस्तकांत निरनिराळ्या स्पेलिंगने आढळतात. कुर्बान कधी 'के'ने, कधी 'क्यू'ने. हुसेन कधी एका 'एस'ने, कधी दोन. अशा वेळी मी लेखकाला एक रूप निवडायला, ते सर्वत्र पाळायला आणि अवतरणात मूळ कागदातले रूप न बदलायला सांगते. या चौघांच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला तर मला तो मनापासून लागतो.

आडनाव कुठे येते हाही प्रश्न सोलापुरात वेगळ्या रीतीने पडतो. मराठी घरांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. इथल्या तेलुगू घरांत घराणे-नाव आधी आणि पुष्कळदा केवळ आद्याक्षराने. आपल्या शाळांच्या दाखल्यांवर आडनाव सर्वांत आधी. त्यात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आला आहे, जो मला न्याय्य आणि स्वागतार्ह वाटतो. पारपत्रात मात्र दोनच रकाने असतात, दिलेले नाव आणि आडनाव. परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगते की इंग्रजी मजकुरात आपले नाव पारपत्राप्रमाणे लिहावे, शोधनिबंधातही पहिल्या निबंधापासून तेच रूप ठेवावे, आणि दाखल्यावर क्रम वेगळा असेल तर तो वेगळा का आहे हे सोबतच्या पत्रात एकदा स्पष्ट करावे. स्पेलिंगच वेगळे असेल तर राजपत्रात नाव-बदलाची सूचना देणे हाच खात्रीचा उपाय आहे.

देशांच्या नावांचा संबंध इथे मुख्यतः टॉवेलच्या निर्यातीमुळे येतो. निर्यातीच्या कागदांवर देशाचे नाव त्या देशाने संयुक्त राष्ट्रांकडे इंग्रजीसाठी जे नोंदवले आहे ते द्यावे. तुर्कियेने 2022 मध्ये आपले इंग्रजी नाव बदलून घेतले. विशेषण मात्र पूर्वीचेच, टर्किश, राहिले आहे, त्यामुळे टर्किश टॉवेल हा शब्दप्रयोग बदलण्याचे कारण नाही. स्वाझीलँडचे एस्वातिनी 2018 मध्ये झाले. कोत दिव्वारचा तर 1985 पासून आग्रह आहे की त्याचे नाव कोणत्याही भाषेत भाषांतरित करू नये. जर्मनीने असा आग्रह धरलेला नाही. तो देश स्वतःला डॉइचलँड म्हणतो आणि इंग्रजीत जर्मनी हेच नाव वापरतो. म्हणून 'स्थानिक उच्चार म्हणजे अधिकृत इंग्रजी नाव' हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. त्या देशाने इंग्रजीत स्वतःसाठी काय निवडले आहे, हे पाहायचे असते. चीनने आपली नावे रोमन लिपीत लिहिण्यासाठी पिनयिन पद्धत स्वीकारली आणि पेकिंगचे बीजिंग झाले, तरी तिथले विद्यापीठ इंग्रजीत स्वतःला आजही पेकिंग युनिव्हर्सिटी म्हणवते. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव आजच्या इंग्रजी लेखनात पिनयिनप्रमाणे के दीहुआ असे लिहिले जाते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ते वेगळ्या रूपात दिसले तर ती वेगळी व्यक्ती समजू नये.

कॅपिटल अक्षरे आणि 'द' या उपपदाविषयी थोडक्यात. नावाचा भाग असलेला शब्द कॅपिटलने, नावाबाहेरचा शब्द साध्या अक्षराने. सोलापूर जिल्हा म्हणताना 'डिस्ट्रिक्ट'ला साधे 'डी' पुरेसे आहे. पण तोच शब्द एखाद्या बँकेच्या किंवा संघाच्या नोंदणीकृत नावात असेल तर कॅपिटल. महानगरपालिकेचा पहिला उल्लेख पूर्ण नावाने कॅपिटलमध्ये, पुढे 'द कॉर्पोरेशन' म्हणताना साध्या 'सी'ने. युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई अशा रचनेच्या नावाआधी वाक्यात 'द' लागतो, शिवाजी युनिव्हर्सिटी अशा रचनेआधी लागत नाही. सहकारी संस्थांच्या नावांत 'को-ऑपरेटिव्ह' कुठे जोडरेषेने तर कुठे सलग असतो, 'अँड' कुठे शब्दाने तर कुठे चिन्हाने असतो. नोंदणी प्रमाणपत्र समोर ठेवूनच लिहावे, फलकावर विसंबून राहू नये.

मानांकित नावांना हीच शिस्त लागते. आपल्या चादरीचे नोंदणीतले इंग्रजी नाव सोलापूर चादर असे आहे, सोलापुरी नव्हे, आणि त्यातल्या चादर या शब्दात 'डी' दोनदा येतो. विणकरांनी आणि उत्पादकांनी मिळवलेले हे कायदेशीर संरक्षण त्याच नावाला आहे, म्हणून माहितीपत्रकात ते तसेच्या तसे आले पाहिजे. सोलापूर टेरी टॉवेलचेही तेच. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या अधिकृत इंग्रजी नावालाही हीच शिस्त लागते. पक्षिमित्र आपसांत नान्नज म्हणतात, लेखात पहिल्यांदा पूर्ण नाव देऊन पुढे नान्नज म्हणायला हरकत नाही.

राहिला तो कंस. नव्या नावापुढे कंसात पूर्वीचे नाव एकदाच, पहिल्या उल्लेखाच्या वेळी द्यावे. प्रत्येक वेळी दिल्यास वाचन अडखळते आणि लेखकाने नवे नाव मनापासून स्वीकारलेले नाही अशी शंका येते. नामांतरांविषयी लोकांची मते तीव्र असतात, माझीही आहेत, आणि ती मांडायला स्वतंत्र लेख आहेत. एखाद्याला नवे नाव आवडत नाही म्हणून त्याने आजच्या पत्त्यात जुने लिहिणे, किंवा एखाद्याला जुने नाव सहन होत नाही म्हणून त्याने 1930 च्या दस्तऐवजातले नाव पुसणे, ही दोन्ही कामे वाचकाची दिशाभूल करतात, आणि वाचकाने त्यासाठी आपला मजकूर हाती घेतलेला नसतो. अवतरणचिन्हांतले नाव बोलणाऱ्याचे किंवा लिहिणाऱ्याचे असते. तिथे चौकोनी कंसात आजचे नाव जोडता येते, मूळ शब्द काढता येत नाही.

मोठ्या प्रबंधासाठी मी विद्यार्थ्यांकडून सुरुवातीलाच नावांचा एक तक्ता करून घेते: नाव, ते कोणत्या काळापासून कोणत्या काळापर्यंत, कोणत्या कागदाच्या आधारे, आणि प्रबंधात वापरायचे रूप. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात आपल्या शहराच्या ओळीत कधी कधी तीन रूपे येतात, कारण बाराव्या शतकातील सिद्धरामांविषयी लिहिताना सोन्नलगी हे नावही घ्यावे लागते. प्रस्तावनेत या तक्त्याचा उल्लेख करून तो परिशिष्टात जोडला, की परीक्षकाला प्रत्येक रूपामागचे कारण तिथेच सापडते.